पहिला हॅम (हौशी रेडिओ) सेट कोणता घ्यावा? (बोरिवली, ११ वा मजला, बजेट २५ हजार)

पश्चिमखिडकी:
नमस्कार मंडळी. हॅमच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडची (पहिल्या पायरीची) परीक्षा पास झाले. परवान्याचा अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर टाकलाय, आता कॉलसाइन (हवेवरचं माझं अधिकृत नाव) कधी येतो याची वाट बघणं चालू आहे. मधल्या काळात सेट कोणता घ्यायचा यावर इतकं वाचलंय की आधी होतं तेवढंही कळेनासं झालंय.

परिस्थिती अशी. बोरिवली पश्चिम, १४ मजली इमारत, आम्ही ११ व्या मजल्यावर. गच्ची सोसायटीची, किल्ली वॉचमनकडे. हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर उंच काही नाही, खाडीपलीकडचा गोराईचा पॅगोडा दिसतो. सगळ्या खिडक्यांना बॉक्स ग्रिल आणि वर पत्र्याची शेड. बजेट २५ हजार, फार तर ३०.

मनातून मला एचएफ (शॉर्टवेव्ह, जगभर पोचणाऱ्या लहरी) हवंय. लांबच्या माणसाशी, मधे कुठलीही कंपनी नसताना बोलायचं, याचंच आकर्षण होतं. पण व्हिडिओवाले एकजात ‘आधी हँडहेल्ड (हातातला वॉकीटॉकी) घ्या’ म्हणतात. म्हणजे चिनी घ्यायचा, जपानी घ्यायचा, की पैसे साठवून थेट एचएफ?

नवशिका१७:
बाओफेंग यूव्ही-५आर. दोन-तीन हजारात येतो. विषय संपला 😄

लॅमिंग्टनरोडकर:
विषय संपला नाही, सुरूही झाला नाही. ताई, पहिली गोष्ट: कॉलसाइन हातात येईपर्यंत ट्रान्समीटर घरात आणू नका. आपल्याकडे नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, १९३३ च्या वायरलेस कायद्यापासूनची ही रीत आहे. ‘मी कुठे पीटीटी (बोलायचं बटण) दाबतोय’ हे कारण चालत नाही. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आलाय, त्याखालचे नियम हलताहेत, तेव्हा पोर्टलवरचा ताजा कागद वाचा. जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

दुसरी: ऑनलाइन दिसतो म्हणून तो विकायला परवानगी आहे असं समजू नका. मान्यता नसलेले वॉकीटॉकी सर्रास विकले जात होते म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या. परवान्याची प्रत मागणारा विक्रेता दिसला की त्याच्याकडूनच घ्या. जो काहीच विचारत नाही त्याच्याकडून बिल घेतानाही दहादा विचार करा.

नवशिका१७:
अहो पण सेट वाईट आहे का ते सांगा ना. माझ्या काकांकडे आहे, मस्त चालतो.

लॅमिंग्टनरोडकर:
त्या पैशात जे मिळतं ते चमत्कारच आहे, नाही म्हणत नाही. १४५ मेगाहर्ट्झ (हॅमच्या भाषेत २ मीटर) आणि ४३५ च्या आसपास दोन्हीकडे ५ वॅटपर्यंत, बॅटरी दिवसभर जाते, पडला तरी फार हळहळ वाटत नाही. तक्रार दोन ठिकाणी आहे. एक, मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत (हार्मोनिक) नको ती गळती किती होते ते नगानगाला वेगळं. अमेरिकेत एआरआरएल या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेने या जातीचे सेट मोजले तेव्हा बरेचसे तिथल्या मर्यादेबाहेर गेले होते. दोन, मुंबईत हे जास्त जाणवतं, आजूबाजूला ताकदवान ट्रान्समीटर असले की त्याचा रिसीव्हर बधिर होतो. वरळीच्या दूरदर्शन टॉवरच्या आसपास उभं राहून बघा, समोरच्या गल्लीतला माणूसही ऐकू येत नाही. यासूचा एफटी-६५ किंवा त्या वर्गातला कुठलाही जपानी सेट तिथे बरा टिकतो. पण किंमत चार-पाच पट.

आणि हो, हा सेट पोलीस, रेल्वे, कुणाच्याही फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतो. कारखान्यातून तसाच मोकळा येतो. प्रोग्रॅमिंग करताना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ सोडून बाकी सगळीकडे ट्रान्समिट बंद करून टाका. चर्प नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते करता येतं. घरात मुलं असतील तर हे आधी करा.

आरएफआजोबा:
सगळे सेटबद्दल बोलताहेत. पोरी, तू अजून ऐकलंस किती?

आमच्या वेळी परवाना यायला वर्ष-दीड वर्ष लागायचं आणि तोवर आम्ही फक्त ऐकायचो. त्याचा मनस्ताप झाला, पण बँड कधी उघडतो, सकाळी सात मेगाहर्ट्झवर कोण कोण जमतं, एखाद्याने सीक्यू (‘कुणी आहे का’ अशी हाक) दिल्यावर उत्तर कसं द्यायचं, हे सगळं कानात बसलं. आता तर पैसेही लागत नाहीत. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर) २००८ मध्ये सुरू झाला, ब्राउझरमध्ये उघडायचा आणि ऐकायला लागायचं. जगभर किवीएसडीआर (असेच ऑनलाइन रिसीव्हर) आहेत, त्यांच्या नकाशावर भारतातले आणि जवळचे शोध. ४० मीटरला (७ मेगाहर्ट्झ) एलएसबी, २० मीटरला (१४ मेगाहर्ट्झ) यूएसबी, हे आवाजाचे दोन मोड एवढे लक्षात ठेव. नाहीतर माणसं बदकासारखी बोलताहेत असं वाटेल आणि सेट बिघडलाय म्हणशील.

पश्चिमखिडकी:
आजोबा, ट्वेंटेचं माहीत होतं, पण तिथे बहुतेक युरोपच ऐकू येतो ना? माझ्या खिडकीतून काय ऐकू येईल हे त्यावरून कसं कळणार?

ओहमशांती:
बरोबर प्रश्न. ते कळत नाहीच. म्हणून पहिली खरेदी माझ्या मते आरटीएल-एसडीआर. ही लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात लावायची कांडी मुळात टीव्ही बघायची, आरटीएल२८३२यू चिपची. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की हिच्यातून कच्चा सिग्नल काढता येतो, आणि खेळच बदलला. साधारण २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. व्ही४ आवृत्तीत एचएफसाठी अपकन्व्हर्टर आतच आहे, म्हणजे २४ च्या खालचंही ऐकू येतं. ट्रान्समिट करतच नाही, त्यामुळे वॉकीटॉकीसारखी भानगड नाही. तरी ऐकायचं ते हॅम, ब्रॉडकास्ट, उपग्रह एवढंच. दुसऱ्यांचं खासगी बोलणं ऐकणं आपल्याकडे चालत नाही.

तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. घरातला गोंगाट मोजायला. खिडकीत १० मीटर वायर टाका, ७ मेगाहर्ट्झ लावा आणि धबधबा (पडद्यावरचा सिग्नलचा सरकता आलेख) बघा. मग घरातले एलईडी दिवे एकेक बंद करा. वायफायचा अडॅप्टर काढा. लिफ्ट चालू झाल्यावर काय होतं ते बघा. नव्या लिफ्टच्या मोटरचा ड्राइव्ह काही इमारतींत अख्खा ४० मीटर बँड झाकून टाकतो. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालवा, नाहीतर त्याचा चार्जर स्वतःच आरोपी असतो. हे सगळं न बघता कुणी ५० हजाराचा एचएफ सेट आणला तर त्याला ५० हजारात लिफ्टचा आवाज मिळतो.

विज्ञानबाई:
+१. शाळेत आम्ही मुलांना हेच करायला लावतो, फक्त एसडीआरऐवजी खिशातला मिडियम वेव्ह रेडिओ. स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि घरभर फिरायचं. ज्या चार्जरजवळ किंचाळतो तो चोर. मुलं घरी जाऊन आईवडिलांना हैराण करतात ते वेगळं.

येऊरकर:
हँडहेल्डला एवढं नाव ठेवू नका हो. माझी सगळी सुरुवात २ मीटरवर झाली. ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर उभं राहून हातातल्या सेटवर खाडीपलीकडचे, पनवेल बाजूचे लोक मिळतात. उंची हवी बस.

ओहमशांती:
उंचीचं गणित ताईंच्या बाजूने आहे. रेडिओ क्षितिजाचं ढोबळ सूत्र: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. ११ वा मजला म्हणजे ३५ मीटर धरा, साधारण २४ किलोमीटर. समोरचाही तेवढ्याच उंचीवर असेल तर दुप्पट. पण हे पश्चिमेला, जिथे गोराई आणि मग समुद्र. पूर्वेला स्वतःची इमारत, मग राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. म्हणजे खिडकीत अँटेना ठेवली तर ठाणे विसरा आणि वसईची बाजू धरा. ठाण्याच्या माणसाशी बोलायचं तर रिपीटर (उंचावरून आपला सिग्नल पुन्हा सोडणारा सेट) किंवा गच्ची.

अजून एक. हँडहेल्डच्या डोक्यावरची रबरी अँटेना बॉक्स ग्रिलच्या आत म्हणजे पिंजऱ्यात. ग्रिलच्या बाहेर काढली की त्याच सेटचा दुसराच सेट होतो.

पश्चिमखिडकी:
बाहेर कशी काढू? ड्रिल करायला सोसायटी देणार नाही. सेक्रेटरींना डिशची छत्रीसुद्धा खुपते.

लॅमिंग्टनरोडकर:
ड्रिल कशाला. तुमच्याकडे शेडचा पत्रा आहे म्हणालात ना? लोखंडी असेल तर गाडीवर लावतात ती चुंबकवाली पाव-लहर अँटेना त्या पत्र्यावर ठेवा. १४५ ला जेमतेम अर्धा मीटर उंच. पत्रा हाच तिचा ग्राउंड प्लेन (अँटेनाची उरलेली अर्धी बाजू). केबल ग्रिलमधून आत, तीन मीटरमध्ये काम संपतं. फायबरची शेड असेल तर चुंबक धरणार नाही, ते आधी फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. आणि एक नायलॉनची दोरी बांधून ठेवा. ११ व्या मजल्यावरून चुंबक कुणाच्या डोक्यावर नको.

स्वतः बनवायची असेल तर एसओ-२३९ चं चार भोकांचं चॅसिस सॉकेट, तीन मिलीमीटरची पितळी सळी. मधली साधारण ४९ सेंटिमीटर, चार कोपऱ्यांना ५१ च्या चार, खाली ४५ अंशात वाकवलेल्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सगळा माल काहीशे रुपयांत. लोखंडी सळी घेऊ नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून जाते. जोड सगळे सेल्फ अमाल्गमेटिंग टेपने गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप जूनमध्ये लावली तर जुलैत सुटते.

केबलबद्दल एकच सांगतो. टीव्हीवाल्याकडची ७५ ओहमची उरलेली केबल फुकट मिळेल, पण आपल्याला ५० ओहमची हवी. आणि बारीक आरजी-५८ केबल लांब ओढू नका. १४५ वर २० मीटर आरजी-५८ मध्ये निम्म्याहून जास्त शक्ती केबलच तापवण्यात जाते, ४३५ वर त्याहून वाईट. गच्चीपर्यंत जायचंच असेल तर आरजी-२१३. ती महाग, जाड, कुरकुर करत वळते, पण पैसे तिथे घालवावेत.

आरएफआजोबा:
माझं मत सरळ आहे. मुंबईत सेटला एक रुपया तर अँटेना आणि केबलला दोन. पुण्या-नाशकात स्वतःचं अंगण असणाऱ्याला हे उलटं केलं तरी चालेल. इथे जागाच नाही, त्यामुळे जी वीतभर जागा आहे तिच्यावर डोकं आणि पैसा दोन्ही लावायचे.

पश्चिमखिडकी:
मग एचएफचं काय? ते या बजेटमध्ये नाहीच का? खरं सांगू, २ मीटरवर चार लोकांशी ‘तुमचा सिग्नल ५९ (उत्तम) आहे’ एवढंच बोलण्याची मला धास्ती आहे.

येऊरकर:
😂 काही लोक हवामान आणि गुडघेदुखीही बोलतात.

ओहमशांती:
१०० वॅटचा डायरेक्ट सॅम्पलिंग सेट, आयकॉमचा आयसी-७३०० वगैरे, लाखाच्या पुढे. शिएगूचा जी९० हा २० वॅटचा, अँटेना जुळवणारा ट्यूनर आतच असलेला. तोही तुमच्या बजेटच्या वर जातो, शिवाय १३.८ व्होल्टचा पुरवठा वेगळा. रिस्ट्रिक्टेडला एचएफवर मर्यादा ५० वॅटचीच आहे, त्यामुळे १०० वॅटसाठी जीव टाकायचं कारण नाही. २० वॅट आणि बरी अँटेना यावर युरोप आणि जपान होतात. सौरचक्र २५ (सूर्याच्या हालचालीचं सध्याचं चक्र, ज्याच्या जोरावर एचएफ लांब जातं) याचा कळस २०२४ च्या शेवटी येऊन गेला, आता उतरण आहे, तरी २० मीटर बँड त्याने मरत नाही.

लॅमिंग्टनरोडकर:
आणि बिटेक्स कुणी कसं काढलं नाही अजून! हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी भारतातल्या हॅमला परवडावा म्हणून बिटेक्स२० बनवला. कुठेही मिळणारे ट्रान्झिस्टर, आणि कॉइल गुंडाळायला टोरॉइड (चुंबकीय कडी) नाही तर नळाचे वायसर! नंतर बिटेक्स४० आला, मग मायक्रोबिटेक्स, जो जवळपास १० वॅट देतो आणि सगळे एचएफ बँड धरतो. जगभरच्या लोकांनी तो घेऊन त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं. सोल्डरिंग येत असेल तर यासारखी शाळा नाही. सगळी सर्किट खुली आहेत, सिग्नल कुठून कुठे जातो ते बोट ठेवून बघता येतं.

येऊरकर:
सोल्डरिंग येत असेल तर, हे महत्त्वाचं. पहिलाच सेट किट म्हणून घेतला आणि तो बोलेना, तर बिघाड सेटमध्ये, अँटेनात की आपल्यात, हे नवख्याला कळत नाही. तीन अनोळखी गोष्टी एकदम नकोत. मी किटच्या विरोधात नाही, पहिल्या सेटसाठी विरोधात आहे.

लॅमिंग्टनरोडकर:
मायक्रोबिटेक्सचा बोर्ड तयार येतो हो, फक्त खोक्यात बसवून वायरी जोडायच्या. पण मुद्दा मान्य.

आरएफआजोबा:
दोघंही आपापल्या स्वभावाप्रमाणे बरोबर आहात. ती म्हणाली ना लांबच्या माणसाशी बोलायचंय म्हणून. मग तिला दोन वर्षं २ मीटरवर बसवू नका, कंटाळून सोडून देईल. सोडून दिलेले व्हीयू३ (रिस्ट्रिक्टेड परवानावाले) मी पुष्कळ बघितलेत. जिची ओढ एचएफची तिने एचएफसाठीच साठवावं. तोवर ऐकावं आणि हॅम क्लबच्या लोकांच्या शॅकवर (रेडिओच्या खोलीत) जाऊन बसावं. मोर्स शिकावं, म्हणजे पुढे वरच्या जनरल ग्रेडची परीक्षाही देता येते. आणि जुना सेट घ्यायचा तर ओळखीच्या हॅमकडून, त्याच्या टेबलावर चालू बघून, त्याच्याच अँटेनावर बोलून. खोक्यात पॅक आणि ‘चालू स्थितीत’ अशा शब्दांवर नाही.

पश्चिमखिडकी:
एचएफची अँटेना मात्र मला खरंच कळत नाही कुठे लावायची. ४० मीटर बँडचा डायपोल (अर्ध-लहर वायर अँटेना) म्हणजे २० मीटर वायर. आमचा हॉल १८ फुटांचा.

ओहमशांती:
ह्याच्यावर कालपासून विचार करतोय, कारण तुमची इमारत त्याला फार सोयीची आहे. तुम्ही ११ व्यावर, गच्ची १४ च्या वर. म्हणजे तुमच्या खिडकीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत साधारण १० मीटर. आणि १४.२ मेगाहर्ट्झची अर्धी लहर किती? १४३ भागिले १४.२, म्हणजे १० मीटर!

एक बारीक वायर कठड्यावरून खाली सोडा, तुमच्या खिडकीत (वायर आणि केबल जुळवायला) ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, तिथून दोन मीटर केबल सेटला. टोकाला जोडलेली अर्ध-लहर. रेडियलचा (जमिनीच्या बाजूच्या तारांचा) पसारा नाही, केबलमध्ये नुकसान नाही, गच्चीवर कायमचं काही नाही, फक्त एक नायलॉन दोरी आणि तिचा खिळा. १० मीटर (२८ मेगाहर्ट्झ) बँडवरही तीच वायर चालते. भिंतीतल्या सळया आणि ग्रिल तिला खातात, म्हणून वरून आणि खालून एकेक बांबू किंवा फायबरची काठी लावून जेवढी दूर धरता येईल तेवढी धरा. लांबी आधी थोडी जास्त ठेवा आणि नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून कापत या. तो विकत घेऊ नका, क्लबमध्ये कुणाकडेतरी असतोच.

मधे १२, १३, १४ मजल्यांच्या खिडक्या आहेत हे विसरू नका. अर्ध-लहरेच्या टोकांना व्होल्टेज चढतं, कुणाचा हात पोचेल अशी वायर नको, कपडे वाळत घालायच्या दांड्यापासून लांब. वायर इन्सुलेटेडच घ्या. तरी हात पोचत असेल तर ट्रान्समिट नाहीच.

विज्ञानबाई:
त्या तीन मजल्यांची परवानगी हीच खरी परीक्षा! सोसायटीबद्दल थोडं मी सांगते, आमच्याकडे हे झालंय. ‘रेडिओ टॉवर’ असा शब्द चुकूनही काढू नका. मोबाइल टॉवरच्या भीतीने माणसं आधीच गरम असतात. अर्जात परवान्याची प्रत जोडा, वायरची जाडी लिहा, दुरून दिसत नाही हे फोटो काढून दाखवा, आणि सोसायटी सांगेल तेव्हा काढून घेईन असं लेखी द्या. हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं.

आपत्तीचा मुद्दाही लोकांना पटतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तेव्हा फोन लागत नव्हते, हे त्या वयाच्या प्रत्येकाला आठवतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आणि त्यांची टीम योगायोगाने हॅम मोहिमेवर होती आणि मुख्य भूमीशी निरोप त्यांच्या रेडिओवरून गेले, हेही सांगा. पण ‘मी इमारतीला वाचवीन’ अशा थाटात नको. एका खिडकीतल्या नव्या ऑपरेटरकडून तशी अपेक्षा ठेवू नये, आणि आपणही ठेवू नये. त्यासाठी क्लबच्या सरावांत वर्षानुवर्षं जावं लागतं.

येऊरकर:
पावसाळा आणि विजा: मेअखेर-जूनच्या वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन्हींत कडाडतं. वापर नसेल तेव्हा केबल सेटपासून काढून खिडकीच्या बाहेर. नुसता सेट बंद करून उपयोग नाही. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आसपास वायर तपासा, मांजा अडकलेला असतोच. चिनी मांजा असेल तर वायरची सालं काढून ठेवतो.

नवशिका१७:
अवांतर: हँडहेल्ड घेऊन चौपाटीवर गेलो तर पोलीस पकडतात का? मित्र म्हणाला.

लॅमिंग्टनरोडकर:
परवान्याची प्रत खिशात नसेल तर विचारतीलच, आणि विचारावंच. प्रत असली तरी विमानतळ, नौदलाचा परिसर, स्टेशन, मोठ्या बंदोबस्ताची जागा, इथे हातात अँटेना घेऊन उभं राहू नकोस. समजावत बसण्यात संध्याकाळ जाते. अक्सा, गोराईसारख्या ठिकाणी ग्रुपने जा. आणि तुझ्याकडे अजून परवाना नाही असं दिसतं. १२ वर्षांच्या वर आहेस, परीक्षा देता येते. बस लगेच. तोवर मित्रांशी बोलायचंच असेल तर परवाना न लागणारे सेट असतात, २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड ५ वॅटपर्यंत आणि ४४६ चे छोटे सेट. मान्यताप्राप्त असलेलेच घे.

पश्चिमखिडकी:
पश्चिमेच्या खिडकीचं अजून कुणी काही सुचवलं नाही. नावच तसं घेतलंय मी :)

ओहमशांती:
थांबा, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं! क्यूओ-१००. कतारच्या एसहेल-२ या उपग्रहावर बसलेला हॅम ट्रान्सपॉन्डर (ऐकलेलं परत खाली पाठवणारा), नोव्हेंबर २०१८ मध्ये उडाला. भूस्थिर आहे, २५.९ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे हलत नाही. त्याच्या छायेत आफ्रिका, युरोप, आखात आणि आपण. मुंबईतून तो पश्चिमेला, जरा नैऋत्येकडे झुकून, दिगंश (उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन) २५३ च्या आसपास आणि क्षितिजापासून साधारण ३३ अंश वर दिसतो. निम्म्या मुंबईच्या खिडक्यांसमोर त्या दिशेला शेजारची इमारत असते. तुमच्यासमोर पॅगोडा आहे.

फक्त ऐकायला: भंगारातली ६० सेंटिमीटरची डीटीएचची छत्री, एक स्थिर पीएलएल एलएनबी (छत्रीच्या तोंडावरचा डबा) आणि तीच आरटीएल-एसडीआर. उतरणारा सिग्नल १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या वर. एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो आणि तुम्हाला ७३९.५ च्या पुढे सगळे एसएसबीवर (एलएसबी-यूएसबी याच मोडचे दोन प्रकार) बोलताना ऐकू येतात. दिवसरात्र, लिफ्ट चालू असो नाहीतर बंद. एलएनबीला १३ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात, कांडीतल्या बायस-टीचे (केबलमधूनच वीज देणाऱ्या सोयीचे) साडेचार पुरत नाहीत. उलट बोलायला २४०० मेगाहर्ट्झ लागतं. ते पुढचं पाऊल, आणि आधी आपल्या परवान्यात काय छापलंय ते वाचून.

येऊरकर:
हे भारी आहे. छत्री फक्त ग्रिलच्या आत बसवू नका.

विज्ञानबाई:
त्याच कांडीवर अवकाश स्थानकही. १४५.८०० वर कधीकधी एसएसटीव्हीची (रेडिओवरून पाठवलेली स्थिर) चित्रं येतात, मोबाइलच्या अ‍ॅपने उलगडतात, मुलांचा आरडाओरडा बघण्यासारखा असतो. त्यांचा रिपीटर ४३७.८०० वर ऐकू येतो, पण स्थानकाच्या वेगामुळे (डॉप्लर) १० किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकतो, आपणही फ्रिक्वेन्सी तेवढी फिरवत जायची. जुन्या लेखांत अमेरिकेच्या नोआच्या हवामान उपग्रहांची चित्रं घ्या असं असेल, त्या नादी लागू नका. त्या मालिकेतले शेवटचे उपग्रह २०२५ मध्ये बंद केले. आता रशियाचे मीटिऑर आहेत, १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात.

आरएफआजोबा:
बघ, सेट न घेताच महिनाभराचं काम निघालं.

पश्चिमखिडकी:
खरंय. तर असं ठरवतेय, चुकत असेल तर आत्ताच ओरडा. आता: आरटीएल-एसडीआर व्ही४, १० मीटर इन्सुलेटेड वायर, कोपऱ्यावरच्या डिशवाल्याकडून छत्री. गोंगाट आधी मोजणार. सोसायटीला अर्ज कॉलसाइन आल्यावर, प्रतीसह. मग एक साधा चिनी हँडहेल्ड, बिलासकट, क्लबच्या लोकांना आणि रिपीटरला भेटायला. पत्र्यावर पितळी अँटेना. उरलेले पैसे बाजूला, जी९० किंवा ओळखीतला जुना एचएफ सेट मिळेपर्यंत.

येऊरकर:
ओरडायला जागा नाही ठेवलीत. रिपीटरची फ्रिक्वेन्सी आणि टोन (आवाजासोबत पाठवायचा खुणेचा सूर) क्लबमध्येच विचारा, नेटवरच्या याद्या शिळ्या असतात. २ मीटरला शिफ्ट वजा ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे ऐकतो त्याच्या तेवढं खाली बोलायचं. टोन घातला नाही तर तुम्ही बोलत राहाल आणि रिपीटर उघडणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल लोक शिष्ट आहेत.

नवशिका१७:
म्हणजे शेवटी बाओफेंगच ना 😎

लॅमिंग्टनरोडकर:
हो रे बाबा, पण सहाव्या नंबरला.

पश्चिमखिडकी:
शेवटचा प्रश्न. पितळी अँटेनाचं सॉकेट एसओ-२३९, हँडहेल्डला वेगळंच बारीक तोंड असतं. दुकानात काय मागू?

लॅमिंग्टनरोडकर:
केबलच्या एका टोकाला पीएल-२५९, तो अँटेनाच्या सॉकेटला. दुसऱ्या टोकाला एसएमए. यूव्ही-५आर च्या अंगावर पिनवालं तोंड असतं, म्हणून केबलला एसएमए फीमेल. यासूच्या सेटला बरोबर उलटं, केबलला मेल. सेट बरोबर घेऊन जा आणि दुकानातच फिरवून बघा. ‘रिव्हर्स’ वायफायवालं एसएमए दिसायला हुबेहूब असतं, पण मधली पिन आणि भोक उलटे असतात. तीन मीटर आरजी-५८ पुरे, दोन्ही टोकं क्रिम्प करूनच मागा. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.